उशिरा पडणारी ठिणगी

एल्डन गावच्या कबरस्तान समितीने आपला जुना ट्रक विकायला काढला, तेव्हा तो घ्यायला दोनच माणसं आली. एक भंगारवाला आणि दुसरी व्हर्लीन शेलनबर्ग. भंगारवाल्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली, खालून वाकून पाहिलं आणि तो घरी निघून गेला.

ट्रक १९६५ सालचा. पुढे दोघातिघांना बसायला जागा, मागे सामानाचा उघडा हौदा, रंग कधी काळी फिकट हिरवा असावा. पन्नास वर्षं तो कबरस्तानातच राबला होता. गवत कापायची यंत्रं वाहा, थडग्यांवरची माती वाहा, वाळलेली फुलं गोळा करून लांब नेऊन टाक. ताशी वीस मैलांच्या वर त्याला कुणी कधी नेलं नव्हतं. रडणाऱ्या माणसांच्या शेजारून गाडी जोरात कशी हाकणार?

घरी आणल्यावर व्हर्लीनने त्याच्या बॉनेटवर थाप मारली आणि नवऱ्याला म्हणाली, "जन्मभर बिचारा मान खाली घालून चाललाय. याला एकदा तरी जीव तोडून पळू दे."

"पळू दे की," गेलन म्हणाला. "पण कुठे?"

"विमानतळावर."

गेलन हसला. पुढे व्हर्लीनने ते हसू पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. त्यात काही वेगळं होतं का, हे तिला कधीच नक्की सांगता आलं नाही.

विमानतळ म्हणजे गावाबाहेरची जुनी लष्करी धावपट्टी. महायुद्ध संपलं, विमानं गेली, काँक्रीट तेवढं राहिलं. उन्हाळ्यात महिन्यातून एका रविवारी तिथे पाव मैलाच्या शर्यती लागतात. पश्चिम कॅन्ससमधल्या चार-पाच तालुक्यांतली माणसं खुर्च्या, बर्फाचे डबे आणि छत्र्या घेऊन जमतात. व्हर्लीन तिथे लहानपणापासून प्रेक्षक म्हणून जात होती. सत्तावन्नाव्या वर्षी तिला वाटलं, आता आपण उतरावं.

ती काही हौशी बाई नव्हती. सहकारी संस्थेच्या धान्य कोठारात तिने सव्वीस वर्षं काढली होती. दीडशे फूट उंच काँक्रीटची नळकांडी, आत गहू वर चढवणारे पट्टे, पट्ट्यांना मोटारी, मोटारींना शेकडो बेअरिंग. ती सगळी व्हर्लीनच्या ताब्यात. एकदा भर सुगीत, बाहेर ट्रकांची रांग लागलेली असताना, तिने अचानक पट्टा बंद केला. मॅनेजर ओरडत आला. ती म्हणाली, "चौथ्या मजल्यावर डावीकडचं बेअरिंग कण्हतंय." बाकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. खोललं, तर आतली गोळी तडकलेली, तापून निळी पडलेली. गव्हाची धूळ पेटली असती तर कोठार बॉम्बसारखं उडालं असतं आणि आत अकरा माणसं होती. त्या दिवसापासून गावात 'व्हर्लीनचा कान' हा शब्दच झाला. बायका तिला फोन करायच्या आणि रिसीव्हर कपडे धुवायच्या यंत्राजवळ धरायच्या. "ऐक गं, काय झालंय याला?" ती ऐकायची आणि सांगायची.

मग कोठारात नवी यंत्रणा आली. प्रत्येक बेअरिंगला तार जोडली, तापमान पडद्यावर दिसायला लागलं. व्हर्लीनला केक कापून निरोप दिला. त्यानंतर चार महिन्यांनी तिने ट्रक आणला.

घराला लागून असलेल्या गॅरेजात तिने तो स्क्रूपर्यंत सुटा केला. गंजून चाळणी झालेला तळ कापला आणि कोठाराच्या जुन्या पन्हळीचा पत्रा मिळवून नवा तळ वेल्ड केला. पहिले जोड इतके ओबडधोबड आले की तिने ते सगळे कापून टाकले आणि महिनाभर नुसत्या तुकड्यांवर हात बसवला. येणारे-जाणारे सल्ला द्यायचे, "हे सहा सिलिंडरचं म्हातारं इंजिन काढ, आठाचं मोठं टाक." ती म्हणायची, "इंजिन त्याचंच राहणार. दुसऱ्याचं काळीज बसवून पळवला, तर तो कसला पळाला?"

म्हणून टर्बो. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, स्फोट मोठा. एवढंच. मोडीत निघालेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो तिने आणला. आत मजबूत पिस्टन घातले. धुराच्या नळ्या स्वतः वाकवल्या, स्वतः जोडल्या. शेवटच्या जोडांवर बोट फिरवलं तर नाणी ओळीने आडवी लावल्यासारखी लागायची. ते जोड ती येईल त्याला दाखवायची.

एक गोष्ट मात्र तिच्या हातची नव्हती. असं इंजिन जुन्या कार्ब्युरेटरवर नीट चालत नाही. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे क्षणाक्षणाला ठरवायला छोटा कॉम्प्युटर लागतो. त्यासाठी लाइल उनरू होता. लाइल गेलनचा शाळेतला बाकावरचा जोडीदार. कापणीयंत्रांची इलेक्ट्रिकची कामं करायचा आणि आसपासच्या पोरांच्या गाड्यांची गणितं लॅपटॉपवर बसवून द्यायचा. धावपट्टीवर त्याच्या स्वतःच्या गाडीचंही बऱ्यापैकी नाव होतं.

दर शनिवारी सकाळी तिघं गॅरेजात. व्हर्लीन गाडीखाली, लाइल लॅपटॉपसमोर, आणि गेलन उलट्या बादलीवर. गेलन टपाल वाटायचा, शेताशेतांतून रोज शंभर मैल. यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो कॉफी आणायचा, फडकी द्यायचा, "अर्धा इंची पाना" म्हटलं की पाऊण इंची द्यायचा आणि शिव्या खायचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या शनिवारांइतकं हसणं त्या घरात फार वर्षांत झालं नव्हतं.

दोन हिवाळे गेले. एप्रिलमध्ये इंजिन सुरू झालं. जूनच्या रविवारी व्हर्लीनने ट्रक धावपट्टीवर उभा केला. दिवे हिरवे झाले, ट्रक निघाला, टर्बोने शीळ घातली, तिची पाठ सीटला चिकटली, आणि अर्ध्या वाटेत, जणू मागून कुणी कॉलर धरावी, तसा तो ढिला पडला. आवाज मोठा, जोर नाही. शेवटच्या रेषेपर्यंत तो रडत रडत गेला. तरीही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरताच ती लाइलला म्हणाली, "ठिणगी उशिरा पडतेय."

लाइलने लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिलं. "नाही गं. इथे सगळं जागेवर दिसतंय."

"आवाज ऐकलास ना? धूर बाहेर पडताना फाटतोय. उशिरा पेटतंय ते."

"व्हर्ल, आकडे माझ्यासमोर आहेत. दुसरं काहीतरी असणार. हवा गळत असेल कुठेतरी."

तिने मानलं. का मानू नये? घरी येऊन तिने टायमिंगचा दिवा लावून पाहिला. या दिव्याच्या उजेडात ठिणगी कधी पडते ती खूण दिसते. गॅरेजात, जागेवर उभ्या गाडीत, खूण अगदी बरोबर होती. मग ती हवा गळते का ते शोधायला लागली. प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला. कुठे बुडबुडा नाही. जुलैच्या रविवारी पुन्हा तेच. अर्ध्या वाटेत कॉलर.

"ठिणगी," ती म्हणाली.

"नाही," लाइल म्हणाला.

तिने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे सिलिंडर हेड, खोललं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या. फरक नाही. हिवाळ्यात पुन्हा खोललं, गॅस्केट बदललं, हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून आणला. फरक नाही. लाइलला तिने एकदा म्हटलं, "तुझी ती गणितं मला बघू दे ना. शिकेन मी." तो म्हणाला, "त्याला कुलूप आहे. चुकून एक आकडा हलला तर पिस्टन वितळतील. ते माझ्यावर सोड." त्या वेळी तो स्क्रीनकडेच बघत होता. गेलन बादलीवर बसून फडक्याची घडी घालत होता.

दुसरा उन्हाळा तसाच गेला. मग तिने मनाशी ठरवलं की चूक आपलीच आहे. आतलं, व्हॉल्व्हची वेळ ठरवणारं कॅमचं चाक बसवताना आपण एक दात पुढेमागे केला असणार. कोठारात सव्वीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, पण म्हणून काय, वय होतंच ना. तिने तिसऱ्यांदा इंजिन उघडलं, थेट पुढच्या बाजूने, रेडिएटर आणि सगळं उतरवून. गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी, हात कोपरापर्यंत काळे. चाकावरच्या दोन्ही खुणा समोरासमोर होत्या. काडीइतकाही फरक नाही.

ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. गेलन कॉफी घेऊन आला.

"काय गं?"

"सगळं बरोबर आहे."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? सगळं बरोबर आहे आणि मला अजून ठिणगी उशिरा ऐकू येतेय. म्हणजे बिघाड गाडीत नाही, गेलन. बिघाड माझ्या कानात आहे."

गेलन तिच्याशेजारी वाकला. त्याने कप तिच्या हाताशी ठेवला. मग म्हणाला, "एकदा दाखवून घेऊ हवं तर."

आणि तोच तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. ऐंशी मैल त्याने गाडी चालवली. काचेच्या खोलीत ती कानांवर हेडफोन लावून बसली, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायची. बाहेर गेलन टोपी मांडीवर घेऊन बसला होता. काचेतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरच्या पट्टीचं थोडं कमी झालंय, वयाला धरूनच आहे, कानाचं यंत्र लावलंत तर बरं वाटेल. तिने लावलं. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "कोठारातून वेळेवर निघाले म्हणायचं. नाहीतर कुणाचा जीव घेतला असता मी." गेलनने तिचा हात हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही.

त्यानंतर कुणाचा फोन आला आणि यंत्राचा आवाज ऐकवायला लागलं, की ती म्हणायची, "मला नका विचारू आता. कंपनीचा माणूस बोलवा." चर्चच्या जेवणात कोठारातला कुणीतरी म्हणाला, "व्हर्लीनचा कान रिटायर झाला," आणि सगळ्यांबरोबर तीही हसली.

ट्रक विकायचाच तिने बेत केला होता. पण विकण्यापूर्वी कुठे काय दुखतं ते घेणाऱ्याला सांगता यावं, एवढ्यासाठी ती सॅल्टरला गेली. सॅल्टर सत्तर मैलांवर, मांस कारखान्याचं गाव. तिथे मिरेया ओचोआ नावाच्या मुलीने वर्कशॉप काढलं होतं आणि गाडी जागच्या जागी पळवून जोर मोजायचं यंत्र बसवलं होतं. लाइल या यंत्राबद्दल ऐकलं की नाक मुरडायचा, "वेळ फुकट घालवायचे धंदे." गेलन तीन दिवस अग्निशामक दलाच्या शिबिराला विचिटाला गेला होता. गावातल्या स्वयंसेवक दलात तो बावीस वर्षं होता. आग लागली, अपघात झाला की टपाल टाकून धावायचा. व्हर्लीनने कुणालाच काही सांगितलं नाही. आणखी एकदा हरायचं तर निदान कुणी बघायला नको.

मिरेया चौतिशीची, केस रुमालात बांधलेले, बोलणं तोफेसारखं. ट्रकखालून सरकत बाहेर आली आणि म्हणाली, "हे वेल्डिंग कुणी केलं?"

"मी."

"बाई, मला नोकर म्हणून ठेवा तुमच्याकडे." मग ती हसत आत बसली.

मागची चाकं फिरत्या लोखंडी रोलरांवर चढवली, पट्ट्यांनी ट्रक जमिनीला जखडला. मिरेयाने ॲक्सिलरेटर दाबला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. आवाज इतका, की व्हर्लीनने कानातली यंत्रं काढून खिशात टाकली. आणि त्या आवाजात, ओझं वाढलं तसं, तिला पुन्हा तेच ऐकू आलं. तिने टायमिंगचा दिवा इंजिनाच्या पुढच्या चाकावर धरला. धावपट्टीवर हे कधी करता आलं नव्हतं. धावत्या गाडीपुढे दिवा धरून कोण पळणार? जोर चढला, टर्बोची शीळ वर गेली आणि दिव्याच्या उजेडातली पांढरी खूण जागेवरून हलली. सावकाश, न चाचरता, मागे मागे सरकली.

"पुन्हा!" ती ओरडली.

तीनदा केलं. तीनदा खूण सरकली.

मिरेयाने पडद्यावरच्या तीन रेषा दाखवल्या. तिन्ही एकाच ठिकाणी वाकून आडव्या झालेल्या, पट्टी धरून आखल्यासारख्या. "हा बिघाड नाही, बाई. बिघाड असा तिन्ही वेळा एकाच टिंबावर येत नाही. ओझं अमुक झालं की ठिणगी मागे घे, असं कुणीतरी आत लिहून ठेवलंय. वर कुलूप घातलंय."

"म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय."

"उशिरा? आरामात चहा पिऊन येतेय ती."

व्हर्लीन हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं बरोबर होतं! पहिल्या दिवसापासून, पहिल्या पाव मैलापासून तिचं बरोबर होतं. मिरेयाला तिने मिठी मारली. मुलगी बावरलीच.

हसू वाटेत उतरलं. साधारण निम्म्या वाटेवर, दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं, आणि तिला जाणवलं की ती खुशीत कुणाला फोन करायचा याचा विचार करतेय. लाइलला? तिने ट्रक कडेला घेतला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली.

लाइलने हे हेव्यापोटी केलं असणार, असं तिने वाटेत ठरवून टाकलं. एका म्हाताऱ्या बाईने कबरस्तानातला ट्रक घेऊन त्याच्या पुढे जावं, हे त्याला खपलं नसणार. राग येत होता, पण समजत होतं. ती सरळ त्याच्या शेडवर गेली. तो कापणीयंत्राच्या पोटात डोकं घालून उभा होता.

"लाइल, कुलूप उघड."

"कुठलं कुलूप?"

"तू माझ्या ट्रकला लावलेलं. सॅल्टरला जाऊन आलेय मी. खूण सरकताना या डोळ्यांनी पाहिली."

लाइल बाहेर आला. हात पुसायला लागला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"एवढा हेवा वाटला तुला माझा?"

"हेवा?" त्याने वर पाहिलं. "नाही गं. हेवा नाही, व्हर्ल. मी शब्द दिला होता."

"कुणाला?"

त्याने फडकं कापणीयंत्रावर टाकलं.

"लाइल, कुणाला?"

"एका उन्हाळ्यापुरतं म्हणाला होता तो. तू दुसऱ्यांदा हेड उतरवलंस तेव्हा मी त्याला म्हटलं, आता पुरे, मला बघवत नाही. तर म्हणाला, अजून थोडं थांब, ती कंटाळेल."

"कंटाळेल," व्हर्लीन म्हणाली.

"माझं चुकलं. मी नाही म्हणायला हवं होतं."

ती वळली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. किल्ली फिरवली आणि घराकडे निघाली.

गेलन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पिशवी दारात ठेवली, बूट काढले, तिच्याकडे पाहिलं आणि उभा राहिला. लाइलने फोन केला असावा.

"बस," ती म्हणाली.

तो बसला.

"तू कानाच्या डॉक्टरकडे गाडी चालवत नेलंस मला."

"व्हर्लीन..."

"नेलंस की नाही?"

"नेलं."

"ऐंशी मैल. बाहेर बसला होतास टोपी घेऊन. मी आत शिट्ट्या ऐकत होते, आणि तुला माहीत होतं."

गेलनने टेबलावर हात पसरले. मग तो बोलायला लागला, आणि लग्न झाल्यापासून कधी बोलला नव्हता इतकं बोलला. तेवीस नंबरच्या रस्त्यावरची गाडी. धान्याच्या ट्रकखाली गेलेलं जोडपं. एक मुलगी, जिचा हात त्याने पाऊण तास धरून ठेवला होता, पत्रा कापणारे येईपर्यंत, आणि ते आले तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं. "तू त्या ट्रकमध्ये बसायचीस आणि मला ते सगळं दिसायचं. पन्नास वर्षांपूर्वीचा पत्रा, व्हर्लीन. तो कागदासारखा चुरगळतो. मी पाहिलंय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"घरी आणायचं नव्हतं."

"मी विचारायचे. प्रत्येक वेळी विचारायचे. तू म्हणायचास, काही विशेष नाही, जेवायला वाढ."

"हो."

"भीती वाटत होती तर भांडायचं होतंस माझ्याशी. म्हणायचं होतंस, पळवू नकोस."

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "पण मी कुणाशी भांडतेय ते मला कळलं असतं. तू मला माझ्याशीच भांडायला लावलंस. दोन वर्षं. मी गुडघ्यांवर बसून माझीच चूक शोधत होते आणि तू मला कॉफी आणून देत होतास."

गेलनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला ते दिसत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याचं रडणं बघून तिच्या आत काहीच हललं नाही. याची तिला स्वतःलाच भीती वाटली.

"तुला मारणारं काही गाडीत ठेवलं नव्हतं मी," तो म्हणाला. "फक्त वाचवत होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच तर मला कुणाकडे तक्रारही करता येत नाही."

आणि खरोखरच करता आली नाही. गोष्ट गावभर व्हायला आठवडा पुरला, आणि निम्म्याहून जास्त गाव गेलनच्या बाजूने उभं राहिलं. कोठारातली माणसं म्हणाली, बायकोच्या जिवाची काळजी केली, त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं? चर्चमधली ट्वायला तर तोंडावर म्हणाली, "माझ्या नवऱ्याने याच्या निम्मी काळजी केली असती तर मी त्याचे पाय धुतले असते." व्हर्लीनने तिला विचारलं, "ट्वायला, उद्या तुझ्या नवऱ्याने तुझ्या ओव्हनचा काटा गुपचूप खाली ओढून ठेवला, भाजू नये म्हणून, आणि वर्षभर तुझा प्रत्येक केक कच्चा राहिला, आणि तो रोज म्हणाला, राहू दे, होतं असं वयात. तर?" ट्वायलाचं मत काही बदललं नाही.

लाइल कुलूप उघडून द्यायला तयार होता. व्हर्लीनने नको म्हटलं. मिरेयाने जुनं सगळं पुसलं आणि कोऱ्या पाटीवर नवी गणितं मांडायला घेतली. शेजारी स्टूल टाकून व्हर्लीनला बसवलं. "आकडे काही जादू नाहीत, बाई. तुम्ही ऐका आणि सांगा, मी लिहिते." आठ आठवडे ती सॅल्टरला जात होती. ठिणगी एक अंश पुढे, अर्धा अंश मागे. कुठे इंजिन खडखडायच्या बेतात येतं, ते मिरेयाच्या पडद्याआधी व्हर्लीनला कळायचं. शेवटी शेवटी आकडे तीच टाकायला लागली. यंत्रं ती कानाला लावायचीच. चर्चमध्ये प्रवचन खरोखरच जास्त नीट ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. वर्कशॉपमध्ये मात्र ती खिशात असायची.

सप्टेंबरचा रविवार, हंगामातला शेवटचा. धावपट्टीच्या टोकाला रुग्णवाहिका उभी असते आणि त्या दिवशी पाळी गेलनची होती. त्याने बदलून घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याने घेतली नाही. सकाळी तो ट्रकच्या खिडकीशी आला. तिने हेल्मेट घातलेलं, तिला ऐकू यावं म्हणून त्याला वाकावं लागलं.

"पट्टा?"

"लावलाय."

तो तिथून चालत गेला, पाव मैल, कडेकडेने.

दिवे हिरवे झाले. ट्रक निघाला, शीळ चढली, अर्धी वाट आली आणि गेली, आणि ट्रक ओढतच राहिला. तिसरा गिअर टाकल्यावर तर जणू आत्ताशी त्याची झोप उडाली. व्हर्लीन ओरडत होती, काय ते तिलाही माहीत नव्हतं. बारा सेकंद आणि वर थोडं. शेवटच्या रेषेवर ताशी एकशे दहा मैल. ते बारा सेकंद पूर्णपणे तिचे होते, आणि त्यांच्यात कुणाबद्दल काहीही नव्हतं, राग नाही, दुःख नाही, नुसतं पळणं होतं.

मग तिने वेग कमी केला, ट्रक वळवला. रुग्णवाहिकेपाशी गेलन उभा होता, दाराची कड घट्ट धरून, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. तो हळूच दोन पावलं पुढे आला. तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेली. हेल्मेट काढलं, लोक धावत आले, मिरेयाने तिला उचललंच जवळजवळ. व्हर्लीन हसत होती, आणि गर्दीवरून तिची नजर कुणाला तरी शोधत होती. मग तिच्या लक्षात आलं. इतका आनंद झाला की ज्यांना पहिल्यांदा सांगायचं, ती जगात दोनच माणसं होती, आणि ती दोघं म्हणजे गेलन आणि लाइल.

लाइल महिन्याने आला. बायकोने केलेले बीरॉक, कोबी आणि खिमा भरलेले पाव, झाकून आणले होते. व्हर्लीनने ताट घेतलं, आभार मानले, दार लावून घेतलं. ताट धुऊन चर्चमधून परत पाठवलं. शर्यतीच्या दिवशी समोर आला तर ती बोलते. हवेबद्दल, ज्वारीबद्दल.

गेलनला तिने सोडलं नाही. ट्वायलाने तेही विचारलं होतं. व्हर्लीन म्हणाली, "कुठे जाऊ? माझं माणूस तेच आहे." ती दोघं जेवायला एकत्र बसतात. अपघातावरून आला की तो आता सांगतो, अडखळत, तिने न विचारता, आणि ती ऐकते. कधी कधी बोलता बोलता तो एखादी अगदी साधी गोष्ट सांगतो, दुकान बंद होतं, रस्त्यावर पाणी होतं, आणि तिच्या मनात येतं, खरं असेल का हे? ते येतं आणि जातं. पूर्वी येतच नव्हतं.

आठवड्यातले दोन दिवस ती मिरेयाकडे कामाला जाते. ट्रक तिने तिकडेच ठेवलाय. इकडचं गॅरेज त्यामुळे रिकामं आहे, झाडून स्वच्छ केलेलं. पण गेलन आपली टपालाची गाडी त्यात लावत नाही. जानेवारीत रात्रभर बर्फ पडतो, आणि सकाळी सहा वाजता तो अंगणात उभा राहून काचेवरचा थर खरवडत असतो, हातमोज्यांतून बोटं आखडेपर्यंत. व्हर्लीनला स्वयंपाकघरातून ते दिसतं. 'आत लाव की रे' एवढं म्हणायला काही लागत नाही. ती अजून म्हणालेली नाही, आणि त्यानेही विचारलेलं नाही.